फाइन!

शाळेत असताना रोज सकाळी पहिल्या तासाला सिस्टर वर्गात आल्या की आम्ही पन्नास मुली उभ्या राहून एका सुरात म्हणायचो, "गुड मॉर्निंग सिस्टर!" त्या विचारायच्या, "हाउ आर यू, चिल्ड्रन?" आणि आम्ही गाणं म्हटल्यासारखं उत्तर द्यायचो, "वी आर फाइन, थँक यू, सिस्टर!" कोणाला ताप असो, कोणाचं होमवर्क राहिलेलं असो, कोणी घरून रडत आलेली असो, उत्तर एकच. फाइन!

त्याच वर्गात भिंतीजवळच्या टेबलावर एक पत्र्याचा डबा असायचा. मराठीत बोललं की त्यात दोन रुपये टाकायचे. त्यालाही आम्ही 'फाइन'च म्हणायचो. मधल्या सुट्टीत चुकून "अगं, माझा डबा सांडला!" असं ओरडले म्हणून मी एका दिवसात चार रुपये भरले आहेत. म्हणजे हा शब्द मी शिकले तो एकाच खोलीत, एकाच वेळी, दोन अर्थांनी. एक अर्थ मजेत असण्याचा, दुसरा खिशातून पैसे जाण्याचा. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध असेल असं तेव्हा कधी वाटलं नाही.

आज हे सगळं मराठीत लिहितेय आणि कोणी दोन रुपये मागत नाहीये, याचीच गंमत वाटतेय. (शुद्धलेखनाच्या चुका माझ्या रूममेटने काढल्या आहेत. तिच्याविषयी पुढे येईलच.)

शब्द एक की दोन?

डिक्शनरी उघडली तर 'फाइन' शब्दाच्या दोन वेगळ्या नोंदी दिसतात. एक विशेषण, म्हणजे चांगला, बारीक, शुद्ध. दुसरी नाम आणि क्रियापद, म्हणजे दंड. पण दोन्हींचं मूळ खणत गेलं की खाली एकच झरा लागतो. लॅटिन भाषेतला 'फिनिस' हा शब्द. त्याचा अर्थ शेवट किंवा सीमा. लॅटिनमधून तो जुन्या फ्रेंचमध्ये गेला आणि फ्रेंचमधून इंग्रजीत आला.

फ्रेंच सिनेमा संपला की पडद्यावर जो शब्द येतो तो याच घरातला. आपल्या रोजच्या वापरातली त्याची भावंडं तर भरपूर आहेत. 'फिनिश' म्हणजे शेवट करणं. 'फायनल' म्हणजे शेवटचं. 'डिफाइन' म्हणजे एखाद्या गोष्टीची सीमा आखणं, व्याख्या करणं. 'कन्फाइन' म्हणजे सीमेच्या आत कोंडणं. 'इन्फिनिटी' म्हणजे ज्याला शेवटच नाही ते. 'फायनान्स'सुद्धा इथलाच, कारण मुळात त्याचा अर्थ देणं चुकतं करून व्यवहार संपवणं असा होता. फायनल इयरच्या मंडळींना रात्र रात्र जागवणारी 'फायनाइट एलिमेंट मेथड' (हे नाव रे क्लफ या अमेरिकन इंजिनिअरने १९६० मध्ये रूढ केलं) तीही याच खानदानातली. एका सलग वस्तूचे मोजता येतील, संपतील इतके तुकडे पाडायचे, म्हणून 'फायनाइट'.

आता प्रश्न असा की 'शेवट' या अर्थापासून 'छान' इथपर्यंत शब्द पोचला कसा? सोपं आहे. सुताराने खुर्ची केली. रंधा मारला, पॉलिश पेपर घासला, आणखी काही करायचं शिल्लक राहिलं नाही, काम शेवटाला गेलं. असं शेवटपर्यंत नेलेलं काम म्हणजे 'फाइन' काम. वर्कशॉपमध्ये आपण जॉबचं 'फिनिशिंग' म्हणतो ते नेमकं हेच. ज्यात सुधारायला काही उरलं नाही ते उत्तम. आणि घासत, चाळत, गाळत शेवटपर्यंत गेलं की वस्तू बारीकही होते आणि शुद्धही होते. म्हणून 'फाइन' म्हणजे बारीक, आणि 'रिफाइन' म्हणजे शुद्ध करणं.

दंड भरा, मोकळे व्हा

दंडाचा अर्थ यापेक्षा गमतीदार आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये दोन माणसांचा जमिनीवरून कोर्टात वाद असला आणि त्यांनी समझोता केला की त्या समझोत्याला 'फाइन' म्हणत. कारण त्याने भांडणाचा शेवट व्हायचा. ११९५ पासून याची एक ठरावीक पद्धत पडली. एकाच चर्मपत्रावर समझोता तीनदा लिहायचा आणि नागमोडी रेषेत कापून त्याचे तीन तुकडे करायचे. दोन तुकडे दोन्ही पक्षांना, आणि तळाचा तिसरा तुकडा कोर्टाकडे. पुढे कोणी खोटा कागद आणला तर तुकडे जुळवून बघायचे. नागमोडी कड जुळली नाही की चोरी पकडली! तळाच्या तुकड्याला 'फूट', म्हणजे पाय, म्हणत. म्हणून ते कागद आजही 'फीट ऑफ फाइन्स' या नावाने इंग्लंडच्या दफ्तरखान्यात जपून ठेवले आहेत. १८३३ च्या कायद्याने ही पद्धत बंद झाली.

प्रकरण मिटवायचं म्हणजे पैसे आलेच. त्यामुळे 'मिटवणं' हा अर्थ हळूहळू 'मिटवण्यासाठी भरायची रक्कम' असा झाला आणि त्यातून आजचा दंड आला. पैसे भरले की विषय संपला, हा मूळ भाव मात्र त्यात अजून आहे. मागच्या सेमिस्टरला मी लायब्ररीचं पुस्तक बावीस दिवस उशिरा परत केलं. काउंटरवरच्या काकांनी पावती फाडली आणि म्हणाले, "झालं, मिटलं." त्यांना लॅटिन येत असेल असं वाटत नाही, पण 'फिनिस'चं याहून चांगलं भाषांतर मी वाचलेलं नाही.

आपला मराठी 'दंड' मात्र वेगळ्या वाटेने आलाय. संस्कृतमध्ये दंड म्हणजे काठी. दांडा, दांडी, दंडुका ही सगळी त्याचीच पोरं. काठीसारखं आडवं पडून नमस्कार करायचा तो दंडवत. काठी ज्याच्या हातात तो शिक्षा करणार, म्हणून शिक्षेलाही दंड. इंग्रजी शब्द भांडणाच्या शेवटाकडे बघतो, आपला शब्द काठीकडे बघतो. आपल्याकडे सगळ्याच शिक्षेला दंड म्हणत असल्यामुळे कायद्याच्या मराठीत नुसत्या पैशाच्या दंडाला मुद्दाम 'द्रव्यदंड' असं वेगळं म्हणावं लागतं.

हे मी रूममेटला मोठ्या ऐटीत सांगत होते. ती ऐकून घेऊन म्हणाली, "आणि लुगड्याचा दंड?" मला काहीच कळेना. मग तिने सांगितलं. तिची आजी नऊवारी नेसते. लुगडं मधेच विरलं की विरलेला भाग कापून टाकायचा आणि दोन्ही बाजूंचे धड तुकडे एकमेकांना शिवायचे. त्या जोडाला 'दंड घालणं' म्हणतात. दंड घातलेलं लुगडं आणखी एक-दोन वर्षं सहज जातं. माझ्या कॉन्व्हेंटच्या दहा वर्षांत दंड म्हणजे काहीतरी हिरावून घेणं एवढंच मला माहीत होतं. फाटलेलं जोडण्यालाही दंड म्हणतात हे मला विसाव्या वर्षी कळलं, तेही इंग्रजी शब्दावर भाषण देता देता.

चाळणीतून

आम्हा सिव्हिलवाल्यांना 'फाइन' शब्द भेटतो तो काँक्रीट लॅबमध्ये. ४.७५ मिलिमीटरच्या चाळणीतून जी खाली पडते ती वाळू म्हणजे 'फाइन अ‍ॅग्रिगेट', वर राहते ती खडी म्हणजे 'कोअर्स अ‍ॅग्रिगेट'. मग वाळू किती बारीक हे काढायला 'फाइननेस मॉड्युलस'. ही कल्पना डफ अ‍ॅब्रॅम्स या अमेरिकन इंजिनिअरने १९१८ मध्ये मांडली. चाळण्यांची उतरंड लावायची, सगळ्यात वर मोठ्या भोकाची. प्रत्येक चाळणीवर एकूण किती टक्के वाळू अडकली असती ते काढायचं, म्हणजे तिच्यावरची आणि तिच्या वरच्या सगळ्या चाळण्यांवरची मिळून. त्या टक्क्यांची बेरीज करून १०० ने भागायचं.

उदाहरणार्थ, १००० ग्रॅम वाळू घेतली. ४.७५ मिमी, २.३६ मिमी, १.१८ मिमी, ६०० मायक्रॉन, ३०० मायक्रॉन आणि १५० मायक्रॉन या चाळण्यांवर अनुक्रमे २०, १००, २००, २५०, २८० आणि १२० ग्रॅम राहिली आणि ३० ग्रॅम तळाच्या ताटात पडली. एकत्रित टक्के होतात २, १२, ३२, ५७, ८५, ९७. बेरीज २८५. भागिले १०० म्हणजे २.८५. ही मध्यम वाळू.

आता यातली मेख बघा. चाळण्यांवर जितकी जास्त अडकेल तितकी बेरीज मोठी. म्हणजे 'फाइननेस' मॉड्युलस जितका मोठा, तितकी वाळू जाडी! २.२ ते २.६ बारीक, २.९ च्या पुढे जाडी. नाव बारीकपणाचं आणि मोजतो जाडेपणा. सेकंड इयरच्या ओरलला हा प्रश्न हमखास येतो आणि निम्मा वर्ग हमखास उलटं उत्तर देतो. मीही दिलं होतं. रूममेटने मात्र बरोबर दिलं. लॅबमधून येताना एवढंच म्हणाली, "नाव बघून उत्तर देऊ नये गं, चाळणीवर काय राहिलं ते बघावं."

सोन्याचं गणित त्यापेक्षा सरळ आहे. तिथे 'फाइननेस' म्हणजे हजार भागांत शुद्ध सोनं किती भाग. २४ पैकी २२ कॅरेट म्हणजे ९१६, १८ कॅरेट म्हणजे ७५०. आईच्या पाटल्यांवर हॉलमार्कच्या शेजारी असलेला आकडा हाच.

वापर: इथे बहुतेक जण घसरतात

आता थोडा क्लास घेते. प्लेसमेंटच्या इंटरव्ह्यूला उपयोग होईल.

१) तब्येत सांगताना 'आय अ‍ॅम व्हेरी फाइन' म्हणू नये, कानाला खटकतं. एक तर 'आय अ‍ॅम व्हेरी वेल' म्हणा, नाहीतर 'आय अ‍ॅम अ‍ॅब्सोल्यूटली फाइन'. पावडर, धागा, चित्र यांच्याबाबतीत मात्र 'व्हेरी फाइन' बिनधास्त चालतं.

२) 'फायनर' आणि 'फायनेस्ट' ही रूपं वाळूला, कापडाला, कारागिरीला लावा, तब्येतीला नाही. काल ताप होता, आज कमी आहे, तर 'आय अ‍ॅम बेटर'. 'आय अ‍ॅम फायनर' म्हटलं तर तुम्हाला कोणी चाळलंय असं वाटेल.

३) दंड झाला तर 'आय वॉज फाइन्ड फिफ्टी रुपीज'. शेवटचा 'ड' खाऊ नका. 'आय वॉज फाइन' म्हणजे मी मजेत होते!

४) 'वन फाइन मॉर्निंग' याचा हवामानाशी संबंध असेलच असं नाही. आपल्या गोष्टीतला 'एके दिवशी' तो हाच.

५) कोणी चहा विचारला आणि समोरचा 'आय अ‍ॅम फाइन' म्हणाला, तर त्याचा अर्थ 'नको, थँक्यू'. इंडस्ट्रियल व्हिजिटला आमच्या ग्रुपमधल्या एकाने तिथल्या साहेबांना विचारलं, "सर, टी?" साहेब म्हणाले, "आय अ‍ॅम फाइन." हा पटकन म्हणाला, "आय अ‍ॅम ऑल्सो फाइन, सर. टी?" शेवटी साहेबांनी हसत हसत चहा घेतला.

६) नुसतं 'फाइन.' असेल तर सूर ऐका. मोकळ्या आवाजात असेल तर 'चालेल'. ओठ आवळून असेल तर 'कर काय करायचं ते, माझ्याशी बोलू नकोस'. मेसेजमध्ये पुढे पूर्णविराम दिलेला दिसला तर शक्यतो फोन करा.

आणि भाषांतर करताना एकच मराठी शब्द घेऊन बसू नका. वाळू बारीक, कापड तलम, सोनं शुद्ध, अक्षर सुरेख, फरक सूक्ष्म, आकाश निरभ्र, कला ललित. इंग्रजी एका 'फाइन'वर हे सगळं भागवते. आपल्याकडे प्रत्येकाला स्वतःचा शब्द आहे. आम्हाला शाळेत हे कोणी सांगितलं नव्हतं.

आय अ‍ॅम फाइन

आता तिसऱ्या नियमाची गोष्ट. फर्स्ट इयरला माझ्या रूममेटने ऑफिसला एक अर्ज लिहिला होता. त्यात तिने लिहिलं, 'आय वॉज फाइन बाय द लायब्ररी'. मी तो वाचून मोठ्याने हसले. नुसती हसले नाही, मेसमध्ये चार जणींना सांगितलंसुद्धा. ती बारावीपर्यंत मराठी माध्यमातून, गावातल्या शाळेतून शिकून आलेली. तीही हसली. त्यानंतर ती माझ्याशी इंग्रजीत जेवढ्यास तेवढंच बोलायला लागली आणि मला वाटलं, वा, सुधारतेय! मी विचारायचे, "हाउ आर यू?" ती म्हणायची, "फाइन." मी विचारायचे, "एव्हरीथिंग ओके?" ती म्हणायची, "फाइन."

गेल्या वर्षी निकाल लागल्यानंतर आठवडाभर हेच चाललं होतं. मी रोज विचारत होते, ती रोज उत्तर देत होती. आठव्या दिवशी रात्री मेसमध्ये वाढणाऱ्या मावशींनी तिच्या ताटाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "काय गं पोरी, बरं नाही का तुला? चार दिवस बघतेय, भाकरी तशीच टाकून उठतेस." आणि ती तिथेच, सगळ्यांसमोर, ताटावर रडायला लागली.

मॅथ्स राहिलं होतं. घरी सांगितलं नव्हतं. सांगितलं तर घरचे शिक्षण थांबवून स्थळं बघायला लागतील याची भीती. आठ दिवस तिने हे पोटात ठेवलं होतं, माझ्यापासून चार फुटांवर झोपून. मी रोज चौकशी केली होती, पण मला हवं ते उत्तर आधीच ठरलेलं होतं. शाळेतल्या पन्नास मुलींसारखंच.

नंतर मी विचार करत बसले. 'बरं' हा शब्दही तसा 'फाइन'सारखाच. "बरं आहे" म्हणजे धड चांगलं नाही, धड वाईट नाही. "बरं" म्हणजे 'चालेल'. "बरं का" म्हणजे 'लक्ष दे'. तोही लोक खोटं बोलायला वापरतातच. मग मावशींना खरं उत्तर मिळालं ते काही शब्दामुळे नाही. त्यांनी विचारण्याआधी ताट बघितलं होतं. चाळणीवर काय राहिलंय ते बघितलं होतं. आणि "बरी आहेस ना?" असं न विचारता "बरं नाही का?" असं विचारलं होतं. पहिल्या प्रश्नाला 'हो' म्हणून सुटता येतं. दुसऱ्या प्रश्नाला 'हो' म्हटलं की खरं सांगून होतं.

त्या रात्री आम्ही बारा वाजेपर्यंत गच्चीवर बोलत बसलो. मी त्या अर्जाबद्दल सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "त्याचं काय एवढं." पण ती विसरलेली नव्हती, हे मला कळलं. घरी फोन तिने दुसऱ्या दिवशी केला. वडील आधी गप्प बसले, मग म्हणाले, "पुढच्या वेळी काढ." आता ती रोज दोन तास मॅथ्स करते. मला जेवढं येतं तेवढं मी समजावते, बदल्यात ती मला सॉइल आणि मराठी शिकवते. पेपर देऊन झालाय, निकाल अजून लागायचाय.

हॉस्टेलमध्ये आपण रोज एकमेकांना शंभर वेळा विचारतो, कसा आहेस, कशी आहेस, काय म्हणतोस. उत्तर ऐकायच्या आधीच बादली घेऊन पुढे गेलेलो असतो. मॉड्युलसचं आठवा. 'फाइन'चा आकडा जितका मोठा, तितकं आत जाडंभरडं असण्याची शक्यता जास्त. 'फाइन' या शब्दाचा मूळ अर्थ 'शेवट', आणि आपण तो वापरतोही तसाच, बोलणं संपवायला. आपल्या शेजारच्या कॉटवरचं कोणी लागोपाठ तिसऱ्यांदा 'फाइन' म्हणालं तर बोलणं तिथे संपू देऊ नका. एकदा ताटाकडे बघा आणि मराठीत विचारा.

शुद्धलेखन तपासताना रूममेटने हा लेख पूर्ण वाचला. माझ्याबद्दल लिहिलंस ते छापू देऊ का, असं मी तिला विचारणार होते, त्याआधी तिनेच विचारलं, "हे खरंच छापणार आहेस?" मी म्हटलं, "तू नको म्हणालीस तर नाही." तिने दोन वेलांट्या सुधारल्या आणि म्हणाली, "फाइन."

मी थांबले, तिच्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "कुठलं फाइन?"

"चालेल मधलं," ती म्हणाली. आणि या वेळी खरंच हसली.